हसलेले अनारसे

दिवाळीच्या तोंडावर घरच्या ग्रुपवर भाचीने एक फोटो टाकला. कढईत तूप, तुपावर तपकिरी फेस आणि फेसात इकडेतिकडे पांगलेली खसखस. खाली दोनच वाक्यं: ‘सगळे हसले. पीठ टाकून दिलं.’ लगेच सांत्वनाचे निरोप सुरू झाले. कुणी म्हणालं, अगं होतं असं. कुणी म्हणालं, विकतचे आण, हल्ली चांगले मिळतात. एका काकूंनी लिहिलं, जे होतं ते चांगल्यासाठीच होतं. डोक्यात घोळत राहिलं ते मात्र त्या फोटोखालचं दुसरं वाक्य. अनारसे हसले, म्हणजे तुपात पसरून त्यांचा चुरा झाला, याचं एवढं काही नाही, चांगल्या सुगरणींचेही हसतात. पीठ टाकून दिलं, हे लागलं. आणि इतक्या जणांत ‘कसे हसले?’ असं एकानेही विचारलं नाही, हे त्याहून जास्त लागलं.

अनारशाचा घोर वेगळा असतो, कारण त्यामागे गेलेले दिवस वेगळे असतात. चिवडा बिघडला तर तासाभराचं काम वाया जातं. अनारशाचे तांदूळ दिवाळीच्या दहाबारा दिवस आधीच भिजत पडलेले असतात. तांदूळ जुना घ्यायचा, नवा चिकट होतो. तीन दिवस पाण्यात ठेवायचा आणि पाणी रोज बदलायचं; एक दिवस राहून गेलं तर भांड्यावरचं झाकण काढताक्षणी वास सांगतो. चौथ्या दिवशी तांदूळ निथळून पंचावर सावलीत पसरायचे. दाणा हाताला कोरडा लागावा, पण दोन बोटांत दाबला की चुरडावा, इतपतच सुकवायचे. मग कुटून किंवा मिक्सरवर दळून मैद्याच्या चाळणीने चाळायचं. या पिठात अंगची ओल असते. मूठ आवळली की मुटका राहतो. त्यात किसलेला गूळ आणि चमचाभर तूप घालून तळहाताने रगडायचं, गोळे करून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचे. निदान तीन-चार दिवस मुरू द्यायचे, आठ दिवस मुरले तर उत्तम. एवढं सगळं निगुतीने झाल्यावर खसखशीवर थापलेली पहिली पुरी तुपात पडते आणि अर्ध्या मिनिटात तिचं होत्याचं नव्हतं होतं.

रात्री मुलं झोपल्यावर, दिवसभराची नोकरी आणि स्वयंपाक उरकून कढईपुढे उभ्या राहिलेल्या बाईला त्या वेळी ‘चांगल्यासाठीच झालं’ म्हणणं हा तिच्या आठ दिवसांचा अपमान आहे. ते चांगल्यासाठी झालेलं नसतं. तूप वाया गेलेलं असतं, उद्या पाहुणे यायचे असतात, आणि कित्येक घरांत अजूनही फराळाच्या ताटावरून सुनेचा हात जोखला जातो. त्या निराशेला आधी निराशा म्हणून जागा द्यावी. पण गॅस बंद करून पाच मिनिटं कढईकडे नुसतं पाहिलं, तर त्या फेसात बरंच काही लिहिलेलं असतं.

अनारसा हसतो म्हणजे नेमकं काय होतं? गूळ किंवा साखर गरम तुपात वितळते आणि पीठ पातळ होऊन पसरू लागतं. त्याच वेळी तांदळातला स्टार्च उष्णतेने फुगून घट्ट व्हायला लागतो. या दोघांची शर्यत असते. स्टार्च वेळेत धरला तर पसरणारी पुरी आहे तिथे थांबते, आतली ओल वाफ होऊन वर येते आणि तिच्या वाटा तशाच राहतात. तीच अनारशाची जाळी. स्टार्चला उशीर झाला तर पुरी पसरतच जाते, धागे तुटतात आणि कढईभर चुरा होतो. गोड जितकं जास्त तितका स्टार्च उशिरा घट्ट होतो, म्हणून प्रमाण एवढं नाजूक. म्हणजे जाळी पडायला पीठ थोडं पसरावंच लागतं. अजिबात न हसणारं पीठ करता येतं. गूळ कमी करा, पीठ कोरडं ठेवा, अनारसा कढईत जसाच्या तसा राहील. पण तो पापडीसारखा घट्ट होईल आणि जाळीचा पत्ता नसेल. कुरकुरीत, जाळीदार अनारसा हसण्याच्या अगदी काठावर थांबलेला असतो.

हसलेलं पीठ हे त्या काठाच्या पलीकडे चमचाभर गेलेलं पीठ आहे.

म्हणून ते फेकायचं नाही. आधी बघायचं, कसं हसलं. पुरी तुपात पडताच फस्सकन फेस आला आणि ती सगळीच्या सगळी विरघळली, तर गूळ जास्त आहे किंवा तळण्याआधी गोळा मऊ मळताना घालतात ते केळं-दूध जास्त पडलंय. मधला भाग टिकला आणि कडा हळूहळू झिरत गेल्या, पुरी तळाला बराच वेळ बसून राहिली, तर दोष बहुधा पिठाचा नाहीच, तूप पुरेसं तापलेलं नव्हतं. कडेला भेगा पडून तुकडे सुटले, तर पीठ भरड राहिलंय किंवा गोळा कोरडा आहे. आणि पुरी कढईत शाबूत होती, झाऱ्यावर घेताना मोडली, तर ते हसणं नव्हेच. गरम अनारसा मऊच असतो, गार झाल्यावर कडक होतो. चिमट्याने उचलला की मोडणारच. एका बाजूने झारा, दुसऱ्या बाजूने उलथनं असा दोन्हींच्या मध्ये धरून तो काढायचा, तूप थोडं कढईतच निथळू द्यायचं आणि मग चाळणीत उभा करून ठेवायचा. पहिल्याच वर्षी करणाऱ्यांचे ‘हसले हसले’ म्हणून सोडून दिलेले निम्मे अनारसे या शेवटच्या प्रकारातले असावेत अशी मला दाट शंका आहे.

दुरुस्तीही सोपी आहे, फक्त घाई चालत नाही. मळलेल्या पिठातला लिंबाएवढा गोळा बाजूला काढायचा. त्यात एक लहान चमचा तांदळाची तीच ओलसर पिठी मिसळायची. यासाठी जुन्या बायका गूळ घालण्याआधी मूठभर पिठी बाजूला राखून ठेवत. ती राखलेली नसेल तर साधी बारीक तांदळाची पिठी चालते, जाळी जरा कमी पडते एवढंच. त्या गोळ्याची एकच पुरी थापायची, सुपारीपेक्षा मोठा गोळा त्यासाठी लागत नाही. तूप मध्यम आचेवर तापवायचं. पिठाचा वाटाण्याएवढा कण टाकला तर तो बुडबुडे सोडत सावकाश वर यावा. तळाला बसून राहिला तर तूप थंड, लगेच उसळून लाल झाला तर जास्त तापलंय. खसखशीची बाजू वर ठेवून पुरी सोडायची आणि उलटायची नाही, उलटली की खसखस सुटून तुपात जळते. पळीने कडेचं तूप वर उडवत राहायचं. पुरी टिकली तर उरलेल्या पिठात त्याच हिशोबाने पिठी घालायची, नाही टिकली तर पुन्हा एक चमचा आणि पुन्हा एकच पुरी. सगळ्या गोळ्यात एकदम मूठभर पिठी लोटली की पीठ दुसऱ्या टोकाला जातं, घट्ट होतं, जाळी मिटते. तसं झालंच तर दुधाचे चार थेंब किंवा पिकल्या केळ्याचा छोटा तुकडा घालून मळायचं आणि पुन्हा परत काठाकडे यायचं.

यात मला जे फार मोलाचं वाटतं ते हे, की बिघाड शेवटच्या पायरीवर झाला म्हणून आधीच्या सगळ्या पायऱ्या बुडाल्या असं नसतं. तांदूळ नीट भिजलेला आहे, पिठी बारीक आहे, मुरणं झालेलं आहे. आठ दिवस शाबूत आहेत. गेला तो सुपारीएवढा एक गोळा. पण निराशेच्या भरात हे दिसत नाही. जे हातातून गेलं त्याचा आकार डब्यात जे उरलंय त्याच्यापेक्षा मोठा वाटतो.

प्रमाणाचं एक सांगायला हवं, कारण पुष्कळ घरांतलं हसणं तिथून सुरू होतं. कृतीत ‘एक वाटी पीठ, एक वाटी गूळ’ असं असतं. किसलेला गूळ वाटीत हलकेच भरला तर एक वजन, अंगठ्याने दाबून भरला तर भलतंच. ओलसर पिठीचंही तसंच. वाटी सोडून वजनाने घ्यावं: पाव किलो पिठीला दोनशे ग्रॅम गुळापासून सुरुवात करावी, गोळे मुरल्यावर एक पुरी तळून पाहावी, जाळी कमी वाटली तर गूळ वाढवावा. वाढवणं सोपं, काढून घेणं अशक्य. चिक्कीचा चिकट गूळ यासाठी घेऊ नये. आणि साखरेचे करत असाल तर पिठीसाखर घ्या, जाड साखर पिठात सगळीकडे सारखी मिसळत नाही. मग एकाच गोळ्यातली एक पुरी टिकते, दुसरी हसते, आणि करणारी पार गोंधळून जाते.

आता कढईतल्या चुऱ्याकडे वळू. तो झाऱ्याने लगेच काढून कागदावर पसरायचा, राहिला तर करपतो आणि पुढच्या अनारशांना कडवटपणा देतो. तूपही गाळून घ्यायचं, तळाशी साखरेचा काळा थर बसलेला असतो. गार झाल्यावर तो चुरा असा काही खुसखुशीत होतो की चाळणीपाशी येणारं-जाणारं प्रत्येक जण चिमूट उचलतं. सुकं खोबरं किसून मंद भाजायचं, चुरगाळून चुऱ्यात घालायचं, वेलदोड्याची पूड, चमचाभर कोमट तूप, आणि लाडू वळायचे. गुळाचा अंश असल्यामुळे पाकाशिवाय वळले जातात. खसखस आधीच आत आहे. हा लाडू मी चवीला अनारशाच्या खाली ठेवणार नाही. दुसरा उपाय खिरीचा: दूध आटवून गॅस बंद करायचा, दूध जरा निवलं की चुरा घालायचा. उकळत्या दुधात घातला तर गुळामुळे दूध फाटू शकतं, आणि एका बिघाडाचे दोन होतात. गाळलेल्या तुपाला गुळाचा खमंग वास असतो, त्यात केलेला शिरा अप्रतिम लागतो.

फराळाच्या बाकीच्या पदार्थांतही असं बारीक अंतर आहे, फक्त तिथे एवढा जीव टांगणीला लागत नाही. चकलीची भाजणी चार वाट्या तांदूळ, दोन हरभरा डाळ, एक उडीद डाळ अशी धरली तर वाटीभर पिठाला मोठा चमचाभर कडकडीत मोहन पुरतं. ते वाढलं की चकली तेलात विरघळते, कमी पडलं की दातांना झुंजवते. विरघळली तर मोहन न घातलेली भाजणी थोडी मिसळायची. साच्यातून पडतानाच तुकडे होत असतील तर पीठ कोरडं आहे, पाण्याचा हात लावून पुन्हा मळायचं. दुसऱ्या दिवशी मऊ पडली तर आतून ओलीच राहिली होती, आच मोठी होती. अशा चकल्या मंद आचेवर पुन्हा तळून निघतात. रव्याच्या लाडवाचा पाक पुढे गेला, मिश्रण कोरडं पडून वळेना, तर दुधाचा हबका मारून लाडू वळता येतात, पण मग ते चार दिवसांत संपवायचे. पाक कच्चा राहिला तर काहीच करायचं नाही, झाकून ठेवायचं. रवा दोन-तीन तासांत पाक पितो आणि लाडू आपोआप वळण्याजोगे होतात. तेवढा वेळ न थांबता त्यात आणखी कोरडा रवा घालणं हाच तिथला खरा घोटाळा. बेसनाचे लाडू तुपाने बसके झाले तर ताटात थापून वड्या पाडाव्यात, वरून बदाम-पिस्त्याचे काप लावावेत; पाहुण्यांना त्या मुद्दाम केलेल्याच वाटतात.

आणि दूध. सकाळी तापवायला ठेवलेलं दूध नासलं की घरातल्या बाईचा दिवसच नासतो. गार असताना ते चांगलं दिसत होतं, वासही नव्हता. दुधात थोडी आम्लता आलेली असली तरी गार असेपर्यंत त्यातली प्रथिनं तग धरतात. उष्णता लागली की तेवढ्याशा आम्लतेलाही ती साकळतात. अशा नुकत्या फाटलेल्या दुधात लिंबाचे चार थेंब टाकून ते पूर्ण फाडावं, पंचातून गाळावं. चोथा साखर घालून मंद आचेवर परतला की अर्ध्या तासात कलाकंदाच्या वड्या पडतात. निवळीत कणीक भिजवावी, पोळ्या मऊ होतात.

पण सगळंच वाचवता येतं असं मी म्हणणार नाही, तसं म्हणणाऱ्यांचं ऐकूही नये. आंबूस, कडवट वासाचं दूध मोरीत ओतावं. भिजवलेल्या तांदळावर काळी-गुलाबी बुरशी धरली तर तीन दिवसांकडे न बघता तांदूळ टाकावा. भाजणीतली एखादी डाळ करपली तर तो कडवटपणा कुठल्याच मसाल्याने लपत नाही. दळणाआधी लक्षात आलं तर तेवढी डाळ निवडून बाजूला करावी, दळून झाल्यावर कळलं तर सोडून द्यावं. तेल खवट झालं असेल तर त्यात तळलेलं सगळंच खवट. इथे उजळ बाजू शोधत बसणं म्हणजे घरच्यांच्या पोटाशी खेळ.

काही वेळा पदार्थ वाचतो आणि प्रसंग मात्र जातो, ही गोष्टही खरी. अधिक महिन्यात जावयाला द्यायच्या वाणात तेहतीस अनारसे लागतात, आणि ते अख्खे लागतात. चुऱ्याचे लाडू कितीही सुरेख झाले तरी त्या ताटात बसत नाहीत. वाण उद्या आणि पीठ आज हसतंय, अशा वेळी जी हुरहूर लागते तिच्यावर माझ्याकडे औषध नाही. एवढंच सांगता येतं, की वाणाच्या आठवडाभर आधी एक पुरी तळून बघावी. हसली तर सात दिवस हाताशी असतात, आणि एवढ्या अवधीत हसणारं पीठ कितीही वेळा सुधारता येतं. आधीच कळलेला बिघाड हा मला तरी लाभच वाटतो.

अधिक महिन्याची आणखी एक गंमत आहे. तो दर वेळी वेगळ्या ऋतूत येतो. २०२३ साली तो श्रावणात होता, २०२६ साली ज्येष्ठात. दिवाळीच्या कोरड्या हवेत बसवलेलं प्रमाण श्रावणात चालत नाही: तांदूळ पंचावर सुकता सुकत नाही, गूळ हवेतलं पाणी ओढून घेतो, डब्यातले गोळे दुसऱ्याच दिवशी सैल पडतात. तेव्हा गूळ कमी घ्यावा आणि मळताना केळं-दूध घालूच नये. ज्येष्ठातल्या उकाड्यात भिजवलेला तांदूळ लवकर आंबतो, म्हणून पाणी दिवसातून दोनदा बदलावं. पंचावर मात्र त्याच्याकडे सारखं लक्ष ठेवावं, कारण उन्हाच्या झळीने तो तासाभरात खडखडीत होतो आणि मग पीठ हसत नाही, फुटतं. जुन्या वह्यांमध्ये अनारशाच्या कृतीशेजारी पेन्सिलीने ‘गूळ कमी’, ‘या वेळी पिठी वाढवली’ असं लिहिलेलं असतं, त्याच्यापुढे महिना लिहिलेला असेल तर तो नीट वाचावा. नसेल तर आपण लिहावा: महिना, पिठीचं वजन, गुळाचं वजन, किती दिवस मुरलं आणि पहिला अनारसा हसला की नाही.